गुलाबी थंडी आणि टिनाचं छप्पर

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांचे दोन मथळे ठरलेले असतात. एक, 'गुलाबी थंडीची चाहूल'. दुसरा, नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की, 'उपराजधानी गारठली, राजकीय वातावरण मात्र तापलं'. फोटोही ठरलेला. शेकोटीभोवती पाच-सहा माणसं, अंगावर शाली, तळहात आगीकडे. फोटो छान असतो. तो काढणारा गाडीत बसून निघून जातो आणि थोड्या वेळाने ती माणसंही उठून घरात जातात. माझं भांडण त्यापुढच्या आठ तासांवरून आहे. शेकोटी विझल्यावर ही माणसं ज्या खोलीत झोपतात त्या खोलीत पहाटे किती अंश असतात, हे मी आजवर एकाही बातमीत वाचलेलं नाही.

मी मुर्रीचा. गोंदिया शहराला लागून असलेलं हे गाव. नोकरी सॉफ्टवेअरची, कंपनी पुण्याची, पण २०२०पासून माझा लॅपटॉप बहुतेक काळ मुर्रीतच उघडतो. त्यामुळे हिवाळा माझ्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत भेटणारा पाहुणा नाही. विदर्भातल्या किमान तापमानाचा रोजचा तक्ता पाहिलात, तर गोंदियाचं नाव हिवाळाभर वरच्या दोन-तीनांत सापडेल. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आकाश निरभ्र, उत्तरेकडून येणारं कोरडं वारं, आणि धान कापून झाल्यावर उघडी पडलेली सपाट बांधी. दिवसभर मिळालेली उष्णता जमीन रात्री सरळ आकाशाला परत देऊन टाकते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता, तो तिथला विक्रम आहे. गोंदियाच्या बाजूला एक आकडी तापमान ही दर हिवाळ्याची गोष्ट. आणि याच भागात मे महिन्यात ४५ अंश असतात. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आमच्याकडे 'हीटर' या शब्दाचा अर्थ काय, ते आधी सांगतो. हीटर म्हणजे बादलीत बुडवायचा रॉड. खोली गरम करणाऱ्या यंत्राला आमच्या बोलीत वेगळं नावच नाही. मागच्या वर्षी गोंदियाच्या बाजारात मी विचारलं, "भाऊ, हीटर आहे का?" दुकानदाराने रॉड काढून काउंटरवर ठेवला. म्हटलं, खोलीचा पाहिजे. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खोलीचा कायले? बाळंतीण हाय का घरी?"

त्या माणसाच्या एका प्रश्नात आपलं अख्खं धोरण आहे. खोली गरम करायला कारण लागतं. बाळंतीण हे कारण चालतं. बाकीच्यांनी गोधडी घ्यावी.

कूलरचं तसं नाही. मार्च निघाला की गावात दर दुसऱ्या घराच्या खिडकीला कूलर बसतो, त्याच्या ताट्या बदलल्या जातात, त्यासाठी हप्ते काढले जातात. कूलर घेणाऱ्याला कुणी "बाळंतीण आहे का" असं विचारत नाही. उन्हाळा हा सगळ्यांच्या मते शत्रू आहे, त्याच्याविरुद्ध यंत्र लावणं हा शहाणपणा. हिवाळा मात्र चारित्र्याची परीक्षा आहे. जो कुडकुडत आंघोळ करतो तो काटक, आणि जो हीटर लावतो त्याचे चोचले. हा भेद हवामानशास्त्राने केलेला नाही, आपण केलेला आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं ते पाहायला हवं.

आधी मोजमापाचं बोलू. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी हवं, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी खाली गेलेलं हवं. नाहीतर सरळ ४ अंशांवर तरी यायला हवं. निकष म्हणून यात चूक काही नाही. इशारा देण्यासाठी अशी रेघ कुठेतरी ओढावी लागते. पण या रेघेमुळे एक गोष्ट होते. जिथे सरासरीच ११-१२ अंश आहे तिथे सलग वीस रात्री १० अंश राहिले, तर कागदावर काहीच घडलेलं नसतं. लाट नाही, इशारा नाही, बातमी नाही. लाट आली की तीन दिवस ब्लँकेटवाटप होतं, फोटो निघतात, लाट ओसरते. आपत्तीच्या सरकारी यादीत थंडीची लाट आहेच. लाट नसलेली थंडी कुठल्याच यादीत नाही.

आणि माणसं जास्त मरतात ती लाट नसताना. हे मी मनाने सांगत नाही. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतातल्या मृत्यूंवरचा मोठा अभ्यास २०१८ साली 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आला. २००१ ते २०१३ या काळातले चार लाखांहून जास्त मृत्यू त्यांनी त्या-त्या ठिकाणच्या तापमानाशी ताडून पाहिले. त्यांच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात ३० ते ६९ वयोगटात पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार यांनी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे १ लाख ९७ हजार मृत्यू 'मध्यम थंडी'शी जोडता येतात. हा आकडा अतिथंडीच्या मृत्यूंच्या १२ पट आणि अतिउष्णतेच्या मृत्यूंच्या ४२ पट आहे. त्यांची 'मध्यम थंडी' बरीच रुंद आहे हे खरं. सरासरी १४ अंशांपासून ते आपल्याला सुखद वाटणाऱ्या दिवसांपर्यंत सगळं त्यात येतं. त्यामुळे या आकड्याचा सगळा भार डिसेंबरच्या रात्रींवर टाकता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. बातमीत येणारी थंडी कमी मारते. बातमीत न येणारी जास्त मारते, कारण ती जास्त दिवस असते.

यामागचं कारण सोपं आहे. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त घट्ट होतं. माझ्या वडिलांची बीपीची गोळी डॉक्टर दर हिवाळ्यात वाढवतात आणि फाल्गुनात कमी करतात. डॉक्टरांना हे माहीत आहे, औषधाच्या दुकानदाराला माहीत आहे, आमच्या घरी तर पाठ आहे. म्हणजे थंडीवर आम्ही खर्च करतोच. फक्त तो घरावर न करता माणसाच्या धमन्यांवर करतो.

आता घराकडे येऊ.

मुर्रीतली जुनी घरं मातीची होती. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, वर माळा, माळ्यावर धान नाहीतर तणस, आणि त्यावर कवेलू. या घरांवर हळवं होऊन लिहिणारे लोक त्यात राहिलेले नसतात. कवेलू दरवर्षी फेरावं लागतं, पावसाळ्यात गळतं, फटींतून विंचू येतात, आणि भिंती सारवून सारवून बायकांच्या कंबरा जातात. लोकांनी ती घरं सोडली यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या घराला एक गोष्ट जमत होती. जाड भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री हळूहळू सोडायची, आणि माळ्यावरचं तणस छपरातून निसटणारी उष्णता अडवायचं. कुणी त्याला इन्सुलेशन म्हणत नव्हतं, पण ते तेच होतं.

त्या जागी आता पक्कं घर आलं. चार किंवा नऊ इंचाची विटेची भिंत आणि वर टिन, परवडलं तर स्लॅब. टिनाच्या छपराखाली हिवाळ्यात झोपलात तर एक गोष्ट दिसेल. निरभ्र रात्री टिनाचा पत्रा आकाशाकडे इतकी उष्णता फेकतो की तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याला लागून पाणी बनते, आणि पहाटे ते ठिबकायला लागतं. घराच्या आत दव पडतं. गुलाबी थंडीवर लिहिणाऱ्यांनी एकदा या दवात झोपून पाहावं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. दहा बाय बाराची खोली घ्या. छत साधारण ११ चौरस मीटर. बाहेर १० अंश आहेत आणि आत १८ ठेवायचे आहेत, म्हणजे फरक ८ अंशांचा. १८च का, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड हवेत घराच्या आत किमान इतकं तापमान असावं असं म्हटलंय. टिनाच्या एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला साधारण ६ वॅट निसटतात. म्हणजे नुसत्या छपरातून पाचशेच्या वर वॅट जातात. दोन बाहेरच्या भिंतींतून तीनशेच्या आसपास, फटींतून येणाऱ्या वाऱ्याने आणखी दीड-दोनशे. एकूण एक किलोवॅट. रात्रीचे दहा तास हीटर चालवला तर १० युनिट, दोन महिन्यांचे ६००. एक युनिट सरासरी १० रुपयांना धरलं तर सहा हजार रुपये, एका खोलीचे. मुर्रीत हे कुणाला परवडेल? परवडलं तरी हा पैसा माणसाला ऊब देत नाही, तो आकाशाला ऊब देतो.

आता त्याच टिनाच्या खाली दोन इंच थर्मोकोलचं छत लावा, किंवा तितकंच काम करणारं दुसरं काही. छपरातून जाणारे पाचशे वॅट पन्नास-साठवर येतात. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, वाऱ्याचे निम्मे होतात. हवा खेळायला थोडी फट ठेवावीच लागते. आणि एक गोष्ट हिशोबात धरायची राहते. झोपलेला माणूस स्वतः ७०-८० वॅटचा हीटर असतो. एका खोलीत चौघं झोपली, आणि आमच्याकडे चौघं झोपतातच, तर तीनशे वॅट फुकट मिळतात. उरलेली तूट भरायला लहानसा हीटर पहाटेचे दोन तास पुरतो. प्रश्न हीटरचा कमी आणि छपराचा जास्त आहे, तो असा.

ऊब विजेची नसली की ती आगीची असते, आणि आग फुकट नसते. गावात पहाटे अंगणातली चूल पेटते ती पाणी तापवायला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली, सिलिंडर घरोघर आले, त्याने स्वयंपाकाचा धूर बराच कमी केला. पण सहा जणांच्या आंघोळीचं पाणी सिलिंडरवर तापवणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे हिवाळ्यात लाकूड परत येतं. जंगलाला लागून असलेल्या गावांत ते लाकूड आणायला बाया जातात, आणि आमच्या जिल्ह्यातलं जंगल नवेगाव-नागझिऱ्याचं, वाघ-बिबट्याचं आहे. घरातल्या गारठ्याचा एक टोकाचा हिशोब तिथे जंगलात होतो.

रात्री घरात शेगडी येते. छत्तीसगडच्या बाजूला तिला गोरसी म्हणतात. मातीच्या भांड्यात निखारे, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ. टिनाच्या घरात वारा शिरू नये म्हणून दार लावून फटीत पोतं कोंबलेलं असतं. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येते. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात, 'अडाणीपणा', 'जनजागृती हवी'. ज्याच्याकडे दोनच पर्याय आहेत, गारठा किंवा धूर, त्याला जागृत करून तुम्ही तिसरा कुठला देणार आहात?

आपल्या संस्कृतीला उबेचं महत्त्व कळतच नव्हतं, असं मात्र नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, खोलीचा वारा बंद करायचा, सव्वा महिना तिला गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही, हे सगळं आपल्या आज्यांनीच सांगितलं. धुराचा भाग वाईट होता, पण कल्पना बरोबर होती. अशक्त शरीराला आधी गरम खोली द्या. त्या दुकानदाराचा प्रश्न याच शहाणपणातून आला होता. फक्त सव्वा महिना झाला की आपण ते शहाणपण गुंडाळून ठेवतो. त्याच बाईने चाळिसाव्या दिवशी पहाटे पाचला उठून हौदाच्या पाण्यात भांडी घासायची असतात. घरातल्या थंडीला सगळ्यांत आधी कोण भेटतं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. आणि 'थंडी अंगाला चांगली असते' हे वाक्य बहुतेक वेळा गोधडीतून बोललं जातं.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने तर हे जगाला शिकवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर उपचार करणं हा त्यातला मोठा भाग होता. पण बाळाचं वजन करणं, त्याचं तापमान मोजणं आणि त्याला उबेत ठेवणं हेही होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात बालमृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. आज आशाताई थर्मामीटर घेऊन घरी येते, बाळ थंड पडलंय का पाहते, त्याला गुंडाळायला सांगते. त्या बाळाच्या डोक्यावरचं छप्पर रात्री किती थंड होतं, ते पाहणं मात्र कुणाच्याही कामाच्या यादीत नाही.

जगात इतरत्र ते कुणाच्या तरी यादीत असतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आता बाहेर आहेत. ऑक्टोबर लागला की त्यांच्या ग्रुपवर 'हीटिंग सुरू केलं का' ही चर्चा सुरू होते, आणि मी ती परग्रहावरच्या बातम्या वाचाव्या तशी वाचतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा कायद्याने ठरवलेला हीटिंगचा हंगाम आहे. बाहेर १३ अंशांखाली गेलं की घरमालकाने दिवसा घरात २० अंश ठेवायचे, आणि रात्री बाहेर काहीही असलं तरी आत जवळपास १७. न ठेवल्यास भाडेकरू तक्रार करतो, निरीक्षक येतो, दंड होतो. आमच्या घरातली डिसेंबरची पहाट त्या शहरात बेकायदेशीर ठरली असती.

"तिकडे बर्फ पडतो, आपली तुलना कशाला?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तुलना करायची ती बर्फ न पडणाऱ्यांशीच करू. युरोपातल्या १४ देशांचा १९८८ ते १९९७ या काळाचा एक अभ्यास २००३ साली आला. हिवाळ्यात इतर महिन्यांपेक्षा किती टक्के जास्त माणसं मरतात, हे त्यात पाहिलं होतं. फिनलंडमध्ये १० टक्के. पोर्तुगालमध्ये २८. गोठलेल्या फिनलंडपेक्षा उन्हातल्या पोर्तुगालमध्ये हिवाळा जास्त मारत होता, कारण फिनिश घर थंडीसाठी बांधलेलं आणि पोर्तुगीज घर 'आपल्याकडे थंडी असते कुठे' या समजुतीवर. पोर्तुगालच्या जागी विदर्भ घालून वाक्य पुन्हा वाचा.

सरकारने फुकट ऊब वाटावी असंही मी म्हणत नाही. चीनने ते करून पाहिलंय. पन्नासच्या दशकात छिनलिंग पर्वत आणि हुआय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला सरकारी हीटिंग, दक्षिणेला नाही, असं ठरलं. उत्तरेत कोळसा जळत राहिला. २०१३ साली आलेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला, की त्या धुराने उत्तरेतल्या माणसांचं आयुष्य सरासरी साडेपाच वर्षांनी घटवलं. आणि दक्षिणेतल्या शांघायसारख्या शहरांत माणसं घरात कोट घालून बसली, कारण रेषेच्या खाली थंडी नसते असं कागदावर ठरलं होतं. ब्रिटनमध्ये तर म्हाताऱ्यांच्या हिवाळी इंधनभत्त्याला २०२४ साली कात्री लागली तेव्हा एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी सरकारला बरंचसं मागे यावं लागलं. त्यांचं उत्तर बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा. तिथे हा मतांचा प्रश्न आहे. आमच्याकडे घरातल्या गारठ्याबद्दल प्रचारसभेत एक वाक्य बोललेला उमेदवार मी पाहिलेला नाही. ब्लँकेट वाटणारे सगळ्या पक्षांचे पाहिलेत.

विजेची गंमत तर आणखी वेगळी. आमच्याच गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून जास्त भाग वीज न होता कूलिंग टॉवर आणि चिमणीतून हवेत जातो. जिल्ह्यात उष्णता कमी नाही. ती फक्त झोपायच्या खोलीत येत नाही.

आता आक्षेप. पहिला म्हणजे 'दोनच महिने तर असते'. कडक उन्हाळाही दोन-अडीच महिनेच असतो. त्याच्यासाठी अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, नागपूरनेही २०१६पासून ती वाट धरली, आणि ते योग्यच झालं. दोन महिन्यांत म्हातारा माणूस मरायचा असेल तर दोन महिने पुरतात.

दुसरा आक्षेप, 'शरीराला सवय लागते'. सवय मनाला लागते. धमन्यांना लागली असती तर वडिलांची गोळी वाढली नसती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: 'जग तापतंय, आपला खरा प्रश्न उन्हाळा आहे, असलेला पैसा तिकडे लावा'. मान्य. म्हणूनच सुरुवातीला ४५ अंश लक्षात ठेवायला सांगितले होते. जे टिन डिसेंबरच्या पहाटे आत दव पाडतं, तेच टिन मेच्या दुपारी तवा होतं. छपराखालचा तो दोन इंचांचा थर उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही तसाच आतही येऊ देत नाही. त्याला ऋतू कळत नाहीत. उन्हाळा की हिवाळा, हा वाद ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आणि भिंतीवर एसी आहे त्यांचा आहे. टिनाखाली झोपणाऱ्याला दोन्हींचं उत्तर एकाच जागी हवंय, डोक्यावर.

आणि ते उत्तर देशाच्या कागदपत्रांत आहे. डिसेंबर २०१८मध्ये केंद्राने 'इको-निवास संहिता' आणली. छतातून एका चौरस मीटरला, एका अंशाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये, असं ती सांगते. आमच्या टिनाचा आकडा ६ आहे, वर सांगितलाच. पण ती संहिता लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींना. म्हणजे टॉवरला. दुसरीकडे, ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं, आणि मैदानी भागात त्याला केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार रुपये मिळतात. घरकुल तपासायला येणारा माणूस पाया पाहतो, भिंत पाहतो, छत पडलं की नाही पाहतो, प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतो. त्या छताखाली माणूस राहू शकेल का, हे पाहायचा रकाना त्याच्या ॲपमध्ये असता, तर या देशात लाखो छपरं वेगळी झाली असती. एक रकाना वाढवायला किती वेळ लागतो हे मला चांगलं ठाऊक आहे. माझा धंदाच तो आहे.

माझी मागणी म्हणून अगदी छोटी आहे. घरकुलाच्या अनुदानात छपराखालच्या थराचा वेगळा हप्ता धरा. स्लॅब असेल तर त्यावर चुन्याचा नाहीतर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचा थर आणि खाली छत, टिन असेल तर खाली छत. गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे, इथल्या राइस मिलबाहेर भुशाचे डोंगर असतात आणि शेतात तणस. त्यापासून न पेटणारे, वाळवी न लागणारे छताचे पत्रे बनवणं हे रॉकेट उडवण्याइतकं कठीण काम नाही. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना 'हजेरी नोंदवण्याचं ॲप' सोडून हा प्रकल्प द्या. आणि आशाताईंच्या पिशवीत बाळाच्या थर्मामीटरसोबत भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक द्या. कुठल्या घरात पहाटे १८, कुठल्यात १२, हे एकदा वहीत आलं की ते नाकारणं अवघड जातं. आज ते नाकारावंही लागत नाही, कारण कुणी मोजलेलंच नाही.

नागपूर करार १९५३ सालचा. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी विदर्भात व्हावं हे त्यात ठरलं, आणि ते भरतं हिवाळ्यात. एखादं सरकार आपल्याच राज्यातल्या थंडीला दरवर्षी ठरवून भेटायला येतं, अशी उदाहरणं फार नसतील. ते येतात, हुरडा खातात, संत्री नेतात, हवेचं कौतुक करतात. यंदा आमच्या बाजूच्या आमदारांनी सभागृहात एकच प्रश्न लावून धरावा: गेल्या हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या घरकुलांमध्ये पहाटे पाच वाजता किती अंश तापमान होतं? उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असंच येईल. पण ते सभागृहाच्या कामकाजात छापून येईल, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल.